बिनदुधाच्या घरात विरजण

दैवशालाबाईंच्या मते जगात सरळ माणूस एकच होऊन गेला, ते म्हणजे त्यांचे वडील. आणि त्यांच्याबद्दलसुद्धा एक-दोन बाबतीत बाईंना शंका होतीच.

टेंभुर्णीत बाजाराच्या मागच्या गल्लीत बाईंचं दोन खोल्यांचं घर. पुढं ओटा, मागं न्हाणी आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं कढीपत्त्याचं झाड. त्या झाडाची पानं कोण तोडून नेतं याचा तपास बाई वीस वर्षं करत होत्या. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधलं की गाठ कोणत्या बाजूला मारली ते ध्यानात ठेवायच्या, म्हणजे कुणी सोडली तर कळावं. दूधवाला संपत दूध घालून गेला की दुधात बोट बुडवून थेंब कसा ओघळतो ते बघायच्या आणि म्हणायच्या, "हां. आज तुमच्या विहिरीला पाणी बरं दिसून राह्यलं." संपत नुसता हसायचा. हसला म्हणजे पाणी नक्की घालतो, असं बाईंचं मत पक्कं व्हायचं.

हा स्वभाव पहिल्यापासूनचा. रामकिसन त्यांना बघायला आले होते तेव्हा त्यांच्या मनगटावर चकचकीत घड्याळ होतं. पोह्याची बशी पुढं करता करता पोरगी म्हणाली, "वाजले किती?" सगळी बैठक गप्प. रामकिसननं घड्याळात बघितलं, मग छताकडं बघितलं. घड्याळ बंद होतं आणि घड्याळ त्यांच्या मेव्हण्याचं होतं. तरी लग्न झालं. पुढं छत्तीस वर्षं रामकिसन हा किस्सा जो भेटेल त्याला स्वतःच रंगवून सांगायचे, आणि बाई दर वेळी म्हणायच्या, "मला उंबऱ्यातच कळलं होतं." माणसाचा पहिलाच संशय असा खरा निघाला की मग तो कुणाचं ऐकतो होय!

रामकिसन शाळेत शिपाई होते. सेवेतून मोकळे झाले, दोन वर्षं ओट्यावर बसून पेपर वाचला, आणि माघ महिन्यात एका सकाळी उठून पाणी मागितलं. बाई पाणी घेऊन येईपर्यंत ते गेलेले होते. बाईंना दुःखाच्या आधी राग आला. "मला पाण्याला धाडून गेले," त्या येईल त्याला सांगायच्या. "समोर असते तर जाऊ दिलं नसतं. म्हणून धाडलं."

मग लोकांनी केलं, खूप केलं. तेराव्यापर्यंत तर रीतच असते, पण नंतरही महिनाभर कुणाच्या ना कुणाच्या घरून झाकलेलं ताट यायचं. मुलगा कल्याण वाळूजला कंपनीत, संभाजीनगरात तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. त्यानं किराणावाल्याला फोन करून सामान घरपोच लावलं, झाडायला बाई लावली. "आई, तू काही करू नको. तू फक्त बस."

आणि दैवशालाबाई बसल्या. जन्मात कुणाचं न ऐकणारी बाई, हे मात्र ऐकलं. झाडणारी बाई तिसऱ्याच दिवशी पळाली, कारण बाईंनी तिच्या पदराची गाठ तपासली. ताटं यायची हळूहळू थांबली. चूल थंड पडली. सकाळचा चहा आणि बिस्कीट, मग नुसता चहा, मग तोही कोण करतंय म्हणून राहून जायचा. सकाळी टेकलेल्या भिंतीला संध्याकाळी तशाच टेकलेल्या. जेठात एक दिवस साखरेच्या दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेतली आणि उंबऱ्यातच आडव्या झाल्या. शेजारच्यांनी तोंडात गूळ घातला म्हणून बऱ्या.

कल्याण धावत आला. घाबरलेला होता, म्हणून कडक बोलला. "दिवाळीला येतो ते तुला न्यायलाच. घराला कुलूप. दिवाळीच्या आत एकदा जरी पडलीस, का काही वेडंवाकडं माझ्या कानावर आलं, तर त्याच दिवशी घेऊन जाईन."

कुलूप हा शब्द बाईंच्या काळजात रुतला. ज्या घरात नवरी म्हणून आल्या, जिथून रामकिसनला चौघांनी उचललं, त्या घराला कुलूप! कल्याणच्या फ्लॅटवर त्या एकदाच आठ दिवस राहून आल्या होत्या. सून सुरेखा स्वभावानं बरी, पण कशाला हात लावू गेलं की "आई, तुम्ही बसा ना." दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार. तिथं गेलो तर आपण सहा महिने काही काढत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना इथंच राहायचं होतं. बाकी आयुष्याकडून मागणं असं काही उरलं नव्हतं.

पण त्या रागाच्या बोलण्यातलं एक वाक्य त्यांनी बरोबर उचललं. कानावर आलं तर? कुणाकडून येणार कानावर? म्हणजे गल्लीत कुणीतरी पोराचा माणूस आहे! बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती कायमची. त्या दिवसापासून गल्लीतला प्रत्येक जण फितूर ठरला. खरा फितूर कोण, एवढंच शोधायचं राहिलं.

आणि अशात, आषाढात, शकीला दारात उभी राहिली.

शकीला शेजारच्याच घरात दोन वर्षांपूर्वी भाड्यानं आलेली. नवरा गयासोद्दीन बसस्टँडजवळ कूलर आणि शेगड्या दुरुस्त करायचा. ही घरी ब्लाउज शिवायची. लेक अंबरीन जालन्याला शिकायला. शकीलाचं शिलाई मशीन खिडकीशी, आणि खिडकी बरोबर बाईंच्या ओट्यासमोर. ही गोष्ट बाईंना आधीपासून खटकत होती. त्यांच्या संशयाला जातधर्म नव्हता, पण खिडक्यांचं त्यांना वावडं होतं.

"मावशी," शकीला स्टीलची वाटी पुढं करून म्हणाली, "जरासं विरजण द्या ना."

दिवेलागण होऊन गेली होती. बाईंनी भिंतीला टेकूनच मान फिरवली. दिवा लागल्यावर घरातून विरजण, मीठ, सुई बाहेर देत नसतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "दिव्यावर विरजण मागती? घरची लक्ष्मी न्यायला आलीस का?"

"चुकलं मावशी. उद्या दिव्याच्या आधी येते."

"उद्या बी न्हाई. दही लावतच न्हाई मी."

"असू द्या. मंग परवा येते," असं म्हणून ती गेली.

आता याला काय म्हणावं! बाई रात्री अंथरुणावर तळमळल्या ते भुकेनं नाही, अपमानानं. ही परवा येणार, रिकामी वाटी घेऊन जाणार, आणि मशीनवर येणाऱ्या चार बायकांना सांगणार की दैवशालाबाईच्या घरात विरजणाला थेंब नाही. तिथून कल्याणच्या कानावर जायला कितीसा वेळ! सकाळी त्यांनी संपतला हाक मारली. बंद केलेलं दूध पाव लिटर परत सुरू झालं. थेंब बघितला, मान हलवली, दूध तापवलं. पण विरजायला विरजण पाहिजे, ते कुठलं? दोन घरं सोडून दुर्गाबाई राहायच्या. पाच महिन्यांत बाई पहिल्यांदा गल्लीत उतरल्या आणि दुर्गाबाईंकडून चमचाभर विरजण आणलं.

परवा शकीला आली. या वेळी दिव्याच्या आधी, बरोबर. बाईंनी गाडग्यातून चमचा भरून वाटीत घातला. "लई झालं मावशी," शकीला म्हणाली. ते ऐकून बाईंना काय झालं कोण जाणे, त्यांनी आणखी एक चमचा घातला. "घे. मागितलंच आहे तर बराबर घे."

उरलेलं दही टाकवेना. दही खायचं तर भाकरी पाहिजे, आणि एका भाकरीसाठी तवा तापवायचा तर दोन तरी थापाव्यात. बाई त्या संध्याकाळी पोटभर जेवल्या आणि भांडी घासून झोपल्या.

शकीला दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीही. मग रोजचंच झालं. दिवेलागणीच्या आधी अर्धा तास वाटी हजर. ही बाई देता-घेता आत डोकावते हे बाईंच्या लक्षात आलं, म्हणून त्या चार वाजताच घर झाडू लागल्या. काय सांगावं, उद्या म्हणायची कचऱ्यात बसते! विटकं लुगडं बघून काही बोलेल म्हणून धुतलेलं नेसू लागल्या. केस विंचरू लागल्या. खरं सांगायचं तर सगळा बंदोबस्त फितुराविरुद्ध होता, आणि त्या बंदोबस्तात बाईंचा दिवस कधी उगवायचा आणि कधी मावळायचा ते कळायचं नाही.

पण रोज? इथं बाईंची बुद्धी अडायची. जी बाई घरी दही लावते ती त्यातलंच चमचाभर उद्याला ठेवते. विरजण मागावं लागतं ते कधी नासलं, संपलं तर. रोज कोण मागतं? त्यांनी विचारलंच. शकीला म्हणाली, "काय सांगू मावशी, बोका लई वाईट. झाकण पाडतो." दोन दिवसांनी म्हणाली, "पाहुणे आल्ते, समदं दही संपलं." बाईंनी त्या बोक्याचा शोध घेतला. गल्लीत बोका नव्हता. एक मांजर होती आणि ती म्हातारी होती.

दुर्गाबाईंनी आगीत तेल ओतलं. "रोज एकाच घरचं विरजण नेणं बरं नसतं बरं का. त्या घरचं सत्त्व जातं म्हणे त्याच्यासंगं." बाईंनी त्या दिवशी आरशात तोंड बघितलं. सत्त्व गेल्यासारखं दिसत तर नव्हतं. उलट गालफडं भरली होती.

उपकेंद्रात साखर-बीपी बघायला गेल्या तर सिस्टर म्हणाल्या, "मावशी, बीपी एकदम बराबर. वजन तीन किलोनं वाढलं. काय करता हो?"

"काटा बिघडला असंल," बाई म्हणाल्या.

खरी गोष्ट अशी की बाईंना बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचाच त्यांना संशय येत होता. वाटीत चमचा घालताना छाती हलकी व्हायची. एकदा तर कढीपत्त्याचा अख्खा फाटा मोडून त्या दुर्गाबाईंना देऊन आल्या, न मागता! घरी येऊन त्या कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडं बघत बसल्या. वीस वर्षं ज्या पानांसाठी पहारा दिला ती आपण उठून देऊन आलो? या शकीलानं आपल्याला काही खायला-बियला तर घातलं नाही? पण ती तर कधी काही देत नव्हती, नुसती न्यायची.

मग भादव्यात संपतनं तो बाँब टाकला. बाई सहज म्हणाल्या, "आमच्या शेजारणीला किती दूध घालतो रे?"

"कोण, गयासभाईकडं? त्यांच्याकडं दूधच न्हाई जात. गयासभाईला दुधानं पोट बिघडतं. अंबरीन होती तवा घालत होतो, ती जालन्याला गेल्यापासून बंद. कोरा चहा पेतेत दोघं."

बाई मटकन ओट्यावर बसल्या. घरात दूध नाही. दूध नाही तिथं दही लागत नाही. मग चांगले दोन महिने, रोज, ही बाई विरजण नेऊन करते काय?

एक गोष्ट आता सूर्यासारखी स्वच्छ झाली. शकीलाचं काम दह्याशी नव्हतंच. विरजण हे निमित्त. रोज दारात यायचं, आत डोकवायचं, आणि पोराला खबर द्यायची. फितूर सापडला होता! तरी बाई पुराव्याशिवाय बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी डाव टाकला. संध्याकाळी तांदळाची पिठी पाण्यात कालवली, चांगली दाटसर, आणि विरजण म्हणून वाटीत घातली. शकीलानं वाटीत बघितलं. मग बाईंच्या तोंडाकडं बघितलं. काही न बोलता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "काय गं, कालचं दही लागलं का?"

"वा मावशी," शकीला म्हणाली, पण तिचा आवाज जरा कापत होता. "सुरीनं कापावं असं लागलं."

पिठीचं दही! बाईंना वाटलं आत्ताच हिची वाटी हिच्या डोक्यावर उलटी घालावी. पण दम धरला. खोटं सापडलं, आता खबर कुठं जाते तेवढं बघायचं.

खबर गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला कल्याण दारात उभा, हातात मोठी बॅग.

"आई," त्याचं तोंड उतरलेलं होतं, "तू लोकाला विरजण म्हणून पीठ कालवून देऊन राह्यली?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी का सांगेना. तुझ्या ध्यानात राहत न्हाई आता. कपडे भर. दोनच्या गाडीनं निघायचं."

तो आत जाऊन बॅग उघडू लागला, आणि त्या वेळी बाईंना पहिल्यांदा कळलं की आपण कुठं येऊन पडलो. फितूर पकडायला टाकलेलं पीठ आपल्याच अंगावर आलं होतं. पोरानं ज्याला वेड म्हटलं असतं, ते आपण आपल्या हातानं वाटीत घालून दिलं होतं. पण त्या भिंतीला टेकल्या नाहीत. त्या सरळ ओटा उतरल्या आणि शकीलाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मागं कल्याण, "आई, आई" करत.

शकीला मशीनवर होती. गयासोद्दीन पलंगावर बसून कोरा चहा पीत होता.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "माझ्या पोरासमोर सांग. तुझ्या घरात दुधाचा थेंब न्हाई. मंग माझं विरजण तू काहून नेती? मी पीठ दिलं ते येडी म्हणून न्हाई दिलं, तुला पकडाया दिलं! आणि तू त्याचं दही लागलं म्हणून सांगितलं! सांग ह्याला, कोण येडं हाय ते!"

शकीलानं मशीन थांबवलं. ती आधी रडली, मग हसली, मग परत रडली. "या अल्ला. पकडायला दिल्तं? मावशी, मी तीन दिवस झोपले न्हाई. मला वाटलं, डोकं फिरलं तुमचं. ह्या दादानं जाताना नंबर दिल्ता, काही झालं तर सांगा म्हणले. मी कधीच काही सांगितलं न्हाई. त्या एका दिवशी घाबरून फोन केला."

"ते राहू दे. विरजण काहून?"

शकीलानं ओढणीनं नाक पुसलं. मग खाली बघतच बोलली.

"माझी अम्मी भोकरदनची. गल्लीत कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं लग्न असो, आधी अम्मीला बोलावणं. कुणाला लोणचं पाहिजे, कुणाला काढा पाहिजे, अम्मीच्या दारात वाटी. अब्बा गेले. समद्यांनी लई केलं. आमच्या रीतीचे चार महिने दहा दिवस अम्मीला चुलीला हात लावू दिला न्हाई. नंतर भावजया म्हणल्या, अम्मी, तुम्ही बसा. आम्ही हौत ना. अम्मी बसली. मंग उठलीच न्हाई, मावशी. वर्ष पुरं झालं न्हाई. आम्ही समद्यांनी तिला दिलं. तिच्याकडं मागितलं कुणीच न्हाई."

"तुम्ही त्या भिंतीला टेकून बसायच्या ना, ते मला खिडकीतून दिसायचं. बिलकुल अम्मी. ताट आणून दिलं असतं तर तुम्ही घेतलं असतं आणि परत टेकून बसल्या असत्या. म्हणून मागायला आले. दुसरं काय मागावं सुचलं न्हाई. विरजण द्यायचं तर माणसाला आदल्या दिवशी उठावंच लागतं."

बाईंना राग शोधून सापडेना, आणि राग नसला की त्यांना उघड्यावर आल्यासारखं व्हायचं. म्हणून त्यांनी शेवटचा प्रश्न केला, तोही पोलिसासारखाच. "मंग रोजचं दोन-दोन चमचे दही गेलं कुठं? मोरीत ओतलं?"

"तौबा! अन्न कसं ओतंल? खाल्लं ना."

"कुणी? याला तर चालत न्हाई."

"मीच."

पलंगावरून गयासोद्दीन पहिल्यांदा बोलला. "मावशी, हिला दह्याचा वास बी सोसत न्हाई. लहानपणापासून. रोज नाक धरून खाती. दोन महिने झाले बघून राह्यलो. खाती आणि मंग वरून बडीशेप चावती."

बाईंनी शकीलाकडं बघितलं. दोन महिने. नाक धरून. आणि आपण लक्ष्मी न्यायला आलीस म्हणालो, सत्त्व गेलं का ते आरशात बघितलं, बोका शोधत हिंडलो. त्यांना हसू आलं, ते इतकं आलं की चौकटीला धरून बसावं लागलं, आणि हसता हसता ज्या रडल्या त्या माघापासून साठलेलं सगळं रडल्या. शकीला खाली येऊन त्यांच्याजवळ बसली. कल्याण दारात तसाच उभा. 'तू फक्त बस' हे शब्द कुणाचे होते ते त्याला चांगलंच आठवत होतं.

तो हळू म्हणाला, "आई, तरी पण इथं तू एकटी..."

"एकटी कुठं रे?" बाई डोळे पुसत उसळल्या. "माझ्या दारात रोज मागायला माणूस येतं. खोटं का असंना, येतं. मी चार वाजता उठते, घर झाडते, दूध तापवते. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडं कोण काय मागणार हाय? सांग ना! तुम्हाला समदं मोबाईलवर मिळतं. मी तिथं दोन टाइम ताटावर बसंन आणि एक दिवस तुला पाण्याला धाडून जाईन. तसं पाहिजे का तुला?"

कल्याण घरी परतला, बाईंच्या मागं मागं. उघड्या बॅगेकडं थोडा वेळ बघत उभा राहिला. मग तिची चेन लावून टाकली आणि पाटावर येऊन बसला, शाळेत असताना बसायचा तसा.

"दोनच्या गाडीला वेळ हाय," तो म्हणाला. "आई, धपाटे करून दे ना. दह्यासंगं. थोडे बांधून बी दे."

बाईंनी डोळे बारीक केले. "खरंच खायाचेत, का मला उठवाया मागून राह्यला?"

"खरंच, आई. कंपनीत डबा उघडला की रोज वाटतं. पण नोकरी लागल्यापासून तुला काही मागायची लाज वाटायची. आता तुला द्यायचं, असं वाटायचं."

"लाज? आईला मागायची?" बाईंनी पुढं होऊन त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "हा आधी घे. बाकीचे तव्यावरचे."

पीठ मळलं, लसूण-मिरची वाटली, ओल्या फडक्यावर थापून एकेक धपाटा तव्यावर पडू लागला. वासानं दुर्गाबाई डोकावल्या, त्यांना दोन दिले. शकीलाला दह्याशिवाय दिले. कल्याणनं पाच खाल्ले आणि डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. गरम डबा त्याला चटके देत होता, पण तो खाली ठेवायला तयार नव्हता.

निघताना त्यानं रिकामी बॅग खांद्याला अडकवली. "दिवाळीला येतो मग."

"न्यायला?"

"न्हाई. राह्यला. सुरेखाला आणि लेकरांना घेऊन चार दिवस."

बाईंचा अर्थातच विश्वास बसला नाही. बोलायला काय जातं, असं त्या दुर्गाबाईंना म्हणाल्यासुद्धा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी संपत आला तेव्हा त्यांनी दुधाचा थेंब बघितला, मान हलवली, आणि त्याला बजावलं, दिवाळीचे चार दिवस दोन लिटर जास्त घालायचं, आणि पाणी बिलकुल न्हाई.